पुसलं की झालं

गेल्या चाळीसएक वर्षांत आपण घरात जे जे आणलं, त्यातलं निम्मं तरी एकाच गुणावर भाळून आणलं. त्याला काही लागत नाही, हा तो गुण. ओट्यामागच्या टाइलला फोडणीचे शिंतोडे लागत नाहीत, सनमायक्यावर चहाचा डाग राहत नाही, ऑइलपेंटच्या भिंतीवर पोरांनी पेन्सिलीने काढलेला हत्ती ओल्या फडक्याने नाहीसा होतो, तव्याला घावन चिकटत नाही. दुकानदाराचं आणि शेजारणीचं यावर एकमत असे: पुसलं की झालं. घर सुंदर आहे का, हे विचारण्याआधी ते पुसता येतं का, हे विचारलं जाऊ लागलं. आणि थोड्याच वर्षांत दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच धरलं जाऊ लागलं.

यात चैनीपेक्षा थकवा जास्त होता. माझ्या सासूबाईंचं माहेर गुहागरकडचं. मातीची जमीन, मातीच्या भिंती. चार-आठ दिवसांनी सारवण, पाऊस गेला की खळं चोपायचं, दिवाळीआधी भिंतींना चुना. चुन्यात नीळ आणि थोडा डिंक. तरी पाठ टेकली की पाठीवर पांढरं. हे ऐकताना माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या बाईला शेणामातीच्या वासाचं काव्य सुचू लागतं, तेव्हा त्या शांतपणे म्हणतात, "कंबर कोणाची मोडायची ते आधी विचार." म्हणून नव्वदच्या दशकात डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या कपाटांना त्यांनी गडद चॉकलेटी, चकचकीत सनमायका लावून घेतला, तेव्हा ती हौस नव्हती, सुटका होती.

पण ज्याला काही लागत नाही त्याला वयही लागत नाही. मातीची भिंत खचते, चुना उडतो, लाकूड फुगतं आणि माणसाला हात लावायला निमित्त देतं. सनमायका नुसता जुना दिसू लागतो. तो झिजत नाही, मोडत नाही, फक्त नकोसा होतो. आमच्या स्वयंपाकघराच्या एकुलत्या खिडकीपुढे आता दुसऱ्या इमारतीची भिंत उभी आहे, आणि त्या चॉकलेटी कपाटांमुळे भर दुपारी दिवा लावावा लागतो. आतलं लाकूड ठणठणीत, बिजागऱ्या ठणठणीत. सगळं तोडून नव्याने करण्याचा खर्च सुताराने सांगितला तेव्हा मी म्हटलं, मग रंगवूनच टाकू. तो हसला. "वहिनी, सनमायक्याला रंग धरत नाही."

त्याचं बरोबर होतं. सनमायका, म्हणजे लॅमिनेट, हा मुळात कागद आहे. १९१३ साली अमेरिकेत सिनसिनाटीला दोन अभियंत्यांनी हा धंदा सुरू केला तो विजेच्या यंत्रांसाठी. महागड्या अभ्रकाच्या जागी विद्युतरोधक म्हणून काहीतरी स्वस्त हवं होतं. खाकी कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवायचे, वर नक्षीचा कागद मेलामाइनच्या राळेत भिजवून ठेवायचा आणि सगळं तापवून प्रचंड दाबाखाली एकजीव करायचं. राळेचे रेणू मग एकमेकांत असे गुंततात की पुन्हा तापवून वितळत नाहीत आणि थिनरने मऊ पडत नाहीत. वरचा चेहरा गुळगुळीत पोलादी पत्र्याला टेकवून दाबलेला असतो, म्हणून चकाकतो. गंमत त्याच्या पाठीची आहे. ती कारखान्यातच घासून खरखरीत केलेली असते, कारण तिला फेविकॉल धरायला हवा. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा ताव, त्याची एक बाजू सगळ्यांना नकार देणारी आणि दुसरी जन्मभर चिकटून राहण्यासाठी ओरखडलेली. सुतार हा ताव रोज हाताळतो. पुढची बाजूही पाठीसारखी करता येईल, हे त्याने सुचवायचं कारण नव्हतं. ते त्याचं कामच नाही.

ज्यांचं काम होतं ते पेंटर नंतर मिळाले. त्यांची उमेदवारी कल्याणच्या एका गॅरेजात झालेली, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये. घरांकडे ते मागाहून वळले. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. भिंती रंगवणाऱ्याला पिणाऱ्या पृष्ठभागाची सवय असते. प्लास्टर पितं, लांबी पिते, पहिला हात तर बहुतेक सगळा आतच जातो. गाडीचा पत्रा काहीच पीत नाही. तिथे रंगाला आत शिरून दडायला जागा नसते. जे व्हायचं ते वरच्या वर. त्यामुळे गॅरेजात शिकलेला माणूस रंगाच्या डब्याकडे सगळ्यात शेवटी बघतो. हे आले तेव्हा त्यांच्यापाशी बादली, धुण्याचा सोडा, हिरव्या घासण्या आणि वॉटर पेपरचे ताव एवढंच होतं. सासूबाईंनी चष्मा सावरून विचारलं, "रंग कुठाय?"

"आजी, आधी तुमची फोडणी काढतो."

फोडणी खरोखरच निघाली. कढईतून उडालेल्या तेलाच्या सूक्ष्म थेंबांचं हवेने आणि उष्णतेने हळूहळू एक पिवळट, चिवट कातडं होतं. तेल हवेत असं घट्ट होतं म्हणूनच तर जवसाच्या तेलातून ऑइलपेंट बनवता आला. आमच्या कपाटांवर इतक्या वर्षांच्या पोह्यांनी आणि आमट्यांनी आपला एक हात आधीच मारून ठेवला होता म्हणायचा. सोड्याच्या पाण्याने तो निघाला, मग साध्या पाण्याने सोडा काढला, कारण राहिलेला सोडाही तेलाइतकाच नडतो. मग पाणी घालून वॉटर पेपर, आधी २२० नंबरचा, मग ३२० चा. हळूहळू चकाकी मरत गेली आणि चॉकलेटी रंग धुरकट झाला. पेंटरदादा मधूनच शटरवर पाणी ओतून तिरक्या नजरेने बघत. पाण्याचा पापुद्रा सलग राहिला तर ठीक. कुठे तो फाटून थेंब गोळा झाले, की तिथे तेल आहे असं समजून पुन्हा सोडा. प्रयोगशाळांतही धातूचा पृष्ठभाग स्वच्छ झाला की नाही हे याच पाण्याने पाहतात.

त्या थेंबात बरंच काही दडलेलं आहे. थेंब पृष्ठभागावर किती पसरतो आणि कडेला किती कोन करतो, याचा हिशेब टॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने १८०५ साली छापलेल्या निबंधात मांडला. द्रवाचे रेणू एकमेकांना ओढत असतात. पृष्ठभाग त्याहून जोराने ओढू शकला तर द्रव पसरतो, नाहीतर गोळा होऊन बसतो. पाण्याचा हा आपसातला ताण, शास्त्रज्ञांच्या मापात, ७२ च्या आसपास. प्लास्टिकच्या खुर्चीत किंवा गाडीच्या बंपरमध्ये असतं त्या पॉलिप्रॉपिलिनची ओढ तिशीच्या घरात, टेफ्लॉनची विशीच्याही आत. स्वच्छ काचेची किंवा धातूची मात्र शेकड्यांत जाते. आता रंग चिकटतो तो ज्या ओढीने, तिचा पल्ला नॅनोमीटरभराचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासचा. तेवढं जवळ गेल्याशिवाय रंगाला आणि पृष्ठभागाला एकमेकांची ओळखच पटत नाही. मधे तेलाचं नजरेला न दिसणारं कातडं राहिलं तरी रंग त्या तेलाला चिकटतो, आणि तेल कोणालाच चिकटलेलं नसतं.

म्हणून नुसतं खरखरीत केलं की धरतं, हे अर्धंच खरं. अळवाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर गुळगुळीत नसतंच. त्यावर बारीक बारीक उंचवटे आणि त्यांवर मेणाचे कण असतात. बार्टलॉट आणि नाइनहाउस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये कमळाबरोबर अळवाचीही पानं तपासून दाखवलं, की पाणी त्यांवर टिकत नाही ते या मेणामुळे आणि खडबडीतपणामुळे मिळून. त्याच्या कितीतरी आधी, १९३६ साली, वेन्झेलने नियम सांगून ठेवला होता: खडबडीतपणा स्वतः काही ठरवत नाही, पृष्ठभागाचा जो मूळ कल असतो तो वाढवतो. घेणारा असेल तर जास्त घेतो, नाकारणारा असेल तर जास्तच नाकारतो. तेलकट शटर न धुता घासलं असतं तर आम्ही अळूचं पानच तयार केलं असतं.

सासूबाई गॅलरीत मोडा टाकून हे सगळं बघत होत्या. त्यांना यात नवं काही दिसेना. "कल्हईवाला दुसरं काय करायचा?" त्या म्हणाल्या. आणि खरंच आहे. पितळेचं पातेलं आधी घासून लख्ख करायचं, भात्यावर तापवायचं, मग चिमूटभर नवसागर टाकायचा. भस्सकन पांढरा धूर निघतो. तो नवसागर तापून फुटतो आणि पितळेवरचं गंजाचं आवरण खाऊन टाकतो. त्या क्षणी कथलाची कांडी टेकवली की कथील वितळून कापसाच्या बोळ्यामागे चांदीसारखं पसरत जातं. कथील २३२ अंशांना वितळतं, तेव्हा वितळवायला काही कष्ट नाहीत. सगळी विद्या त्या चिमूटभर नवसागरात. तो नसेल तर कथलाचे मणी होऊन पातेल्यात घरंगळतात. कल्हईवाल्याला आपण मजुरी देत होतो ती कथलाची, असं आपल्याला वाटायचं.

रंगकामातही तेच चाललेलं आहे. कोटेशन मागा: चौरस फुटाला इतके, दोन हात रंगाचे, एक प्रायमरचा. धुणं, घासणं, पुन्हा धुणं याची ओळ त्यात बहुधा नसते. असली तर गिऱ्हाईक तीच आधी खोडतं. दिसतं त्याचे पैसे द्यायची आपली रीत. मग पेंटरही घासल्यासारखं करतो आणि वर्षभरात रंगाचे पापुद्रे निघाले की दोष डब्याला. या कामात हात सोलवटतात, खांदे भरून येतात आणि संध्याकाळी दाखवायला काही नसतं. उलट सकाळपेक्षा वाईट दिसतं. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी आलेल्या शेजारणीने "अगं, हे काय करून घेतलंस" असं म्हटलंच.

मग प्रायमर. चकचकीत पृष्ठभागांसाठीचा, ज्याला दुकानात बाँडिंग प्रायमर म्हणतात तो. डबा महाग, आत पांढरट पातळ द्रव. बघून पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. ॲक्रिलिक-युरेथेनसारख्या राळा त्यात असतात, टाइलसाठी दोन डबे मिसळून करायचा इपॉक्सी असतो. त्याला झाकायचं काम नसतं. त्याने ओरखड्यांत उतरायचं, शक्य तितकं जवळ जायचं, आणि आपली वरची बाजू पुढच्या हातासाठी घेणारी ठेवायची. तो पातळच मारायचा. जाड थर सुकताना आकसतो आणि स्वतःलाच ओढून उचलतो. नवशिका नेमका इथेच जास्तीचं भलं करायला जातो. हाताला लागेनासा व्हायला त्याला तासभर पुरतो, पण पक्का व्हायला कितीतरी दिवस लागतात. सुकणं वेगळं, पिकणं वेगळं, असं पेंटरदादा म्हणत. त्यांनी एका शटरच्या आतल्या बाजूला नमुना करून ठेवला होता. तो चांगला पिकल्यावर ब्लेडने उभ्या सहा आणि आडव्या सहा रेघा मारून बारीक चौकटी पाडल्या, वर चिकटपट्टी दाबून बसवली आणि सर्रकन ओढली. चौकटी जागच्या जागी राहिल्या. रंगांच्या प्रयोगशाळेत ही चाचणी अशीच, सहा-सहा रेघांची करतात. त्याला आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २४०९. गॅरेजात तिला नाव नव्हतं.

पण सगळ्या चकाकीला एकच औषध, असं मात्र नाही, आणि डब्यावरची जाहिरात हेच लपवते. प्रत्येक चकाकीची नकार देण्याची तऱ्हा निराळी. प्लास्टिकची खुर्ची रंगाला पसरूच देत नाही; गाड्यांच्या बंपरसाठी म्हणून क्लोरीन असलेल्या राळेचं निराळं अस्तर लागतं. टाइल उलट. तिच्यावरचा काचेचा लेप स्वच्छ असेल तर पाणी मजेत पसरतं, रंगही पसरतो. पण तिथे शिरायला छिद्र नाही, आणि पुढे कधी कडेने ओल आत गेली की ती रंगाला अलगद बाजूला सारून स्वतः जागा घेते. म्हणून न्हाणीघरातल्या टाइल रंगवू नयेत, असं माझं मत आहे. कोणी रंगवल्या असतील आणि टिकल्या असतील तर आनंद आहे.

पत्र्याची तऱ्हा सगळ्यांत कपटी. कोकणात पडवीवर, गोठ्यावर जस्ताचा पत्रा असतो. नवा पत्रा चंदेरी चमकतो, आणि त्यावर ऑइलपेंट मारला तर तो बसतोसुद्धा, छान बसतो. पहिलं वर्ष काही होत नाही. मग एखाद्या पावसाळ्यानंतर पंज्याएवढे पोपडे सुटतात आणि खाली पत्रा जसाच्या तसा, जणू त्याला कधी रंग लागलाच नव्हता. कारण रसायनातलं आहे. जस्तावर ओलीने जे क्षार तयार होतात ते अल्कधर्मी. ऑइलपेंटमध्ये तेलाची आम्लं. दोन्ही भेटली की जस्ताचा साबण बनतो. रंगाच्या खाली, अंधारात, वर्षभर साबण तयार होत राहतो. मग तो ठिसूळ होऊन सुटतो. साबण म्हणजे शेवटी सुटं करणारी वस्तू. गावातल्या जुन्या पेंटरांना हे रसायन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं; पण "नवा पत्रा एक-दोन पावसाळे काढू द्या, मग बघू" असं ते सांगत. तेवढ्यात पत्र्यावरचं कारखान्यातलं तेल धुऊन जातं, जस्त काळवंडतं, त्यावर एक राखाडी, किंचित खरबरीत थर धरतो. पाऊस त्यांच्यासाठी फुकट घासत असे. आता इतका धीर कोणाला नसतो, म्हणून तेल नसलेले पाण्यातले ॲक्रिलिक किंवा पत्र्याला हलकं चावणारे प्रायमर निघाले आहेत. कोकणातल्या पावसाला प्रायमर म्हणून कोणी बिल लावलेलं नाही.

जुन्या ऑइलपेंटच्या दाराखिडक्यांबद्दल एकच सांगते. त्या घासायच्या तर ओल्या करूनच घासाव्यात. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा सक्तीची झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या पिवळ्या, हिरव्या, लाल चकचकीत दारांत शिसं किती असेल ते त्या दारालाच माहीत. नाकाला रुमाल बांधून कोरडं घासणारी पोरं बघितली की पोटात कालवतं, आणि खाली त्याच खोलीत एखादं रांगणारं मूल असतं.

न चिकटण्यासाठीच जन्मलेला टेफ्लॉन तव्याला कसा चिकटतो, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडत असे. १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला तो अपघाताने सापडला, तेव्हापासून अडचण हीच होती: त्याला काही धरत नाही आणि तोही कोणाला धरत नाही. १९५०च्या दशकात मार्क ग्रेग्वार या फ्रेंच अभियंत्याने ॲल्युमिनियम आम्लाने कोरून त्यात सूक्ष्म खाचा केल्या आणि टेफ्लॉन त्या खाचांत अडकवला. पुढे अस्तरं आली: एका हाताने धातू धरणाऱ्या आणि दुसऱ्या हाताने टेफ्लॉन सांभाळणाऱ्या राळांची. म्हणजे ज्या तव्याला काहीच लागत नाही, त्याच्या पोटातही एक ओरखडलेली, धरून ठेवणारी बाजू आहेच. ती उघडी पडू लागली की आपण तवा टाकून देतो.

आणि अजिंठा. तिथे गेलं की सगळे चित्रं बघतात, बघावीतच. मी जिथे चित्र गळून पडलं आहे ती भिंत बघत उभी राहते. काळ्या बेसॉल्टवर छिन्नीचे घाव तसेच ठेवलेले दिसतात. ज्या कारागिरांनी याच डोंगरात घोटून गुळगुळीत केलेले खांब उभे केले, त्यांना भिंत गुळगुळीत करता आली नसती असं नाही. त्यांनी ती खडबडीत राखली, कारण तिच्यावर मातीचा गिलावा धरायचा होता: माती, दगडाची भुकटी, भाताचं तूस, वनस्पतींचे धागे. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्या सुकलेल्या जमिनीवर डिंक-सरसात कालवलेले रंग. पाचव्या शतकातली कित्येक चित्रं या व्यवस्थेवर आजही उभी आहेत. घात केला तो ओलीने, किड्यांनी, वटवाघळांनी, माणसांनी. त्यात एक घात चांगल्या हेतूने झालेला. १९२० ते १९२२ च्या दरम्यान निजामाच्या सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी बसवण्याचं मोठं काम केलं, आणि वर चित्रांना लाखेचं वॉर्निश दिलं. चित्रं उजळली, चमकली, बघणारे खूश झाले असणार. मग ते वॉर्निश पिवळं पडत गेलं, आकसलं, तडकलं, आणि तडकताना खालचा रंग आपल्याबरोबर उचलू लागलं. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते थराथराने काढत बसावं लागलं. खालच्या अस्तराने दीड हजार वर्षं धरून ठेवलेलं वरच्या चकाकीने काही दशकांत सोडवायला घेतलं. मला त्या दोघा इटालियनांचा राग येत नाही. स्वच्छ, टिकाऊ, पुसता येईल असं काहीतरी वर असावं, ही इच्छा मला आमच्या स्वयंपाकघरातून चांगली ओळखीची आहे.

आमची कपाटं आता मोतिया रंगाची आहेत, चकाकी बेताची. दुपारी दिवा लागत नाही. हँडलं तीच परत बसवली. रंग पिकेपर्यंत शटरं हळू लावायची, ओलं फडकं लावायचं नाही, हा नियम मुलगा सोडून सगळ्यांनी पाळला. नखाने कोरून बघण्याचा मोह मात्र प्रत्येकाला झाला. सिंकखालच्या शटरच्या आतल्या कडेला त्याच्या खुणा आहेत, आणि रंग निघालेला नाही. जोराचा फटका बसला तर तो उडेल, याची मला कल्पना आहे. मेलामाइनच्या कडकपणाची बरोबरी डब्यातला रंग करू शकत नाही.

आणि डाग लागतात. गॅसच्या उजवीकडच्या शटरवर हळदीचा एक फिकट पिवळा ओघळ आहे, तो पुसून जात नाही. कितीही लगबगीने फडकं मारलं तरी थोडा राहतोच. सनमायक्यावर असलं काही झालं नसतं. मला वाटलं होतं सासूबाई यावरून बोलतील. बोलल्या, पण भलतंच. पेंटरदादा राहिलेले पैसे न्यायला आले होते, त्यांना त्यांनी तो ओघळ दाखवला आणि विचारलं, की आता परत रंगवायचं झालं तर पुन्हा हे सगळं घासणं, धुणं आलं का.

"नाही आजी. एकदा धरलंय ना. आता नुसतं पुसायचं, हलका पेपर मारायचा, आणि रंग. दिवाळीला म्हणाल तर दिवाळीला."

"दर दिवाळीला?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

त्यांनी कपाटांकडे बराच वेळ बघितलं, माहेरी चुन्यात नीळ किती घालायची ते ठरवताना बघत असतील तसं. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेला पिस्ता लावू."

मी पिस्त्याला ठाम विरोध केला आहे. मुलाला काळा हवा आहे. पेंटरदादांनी दोन्ही शेडकार्डं ओट्यावर ठेवून काढता पाय घेतला.